अबोली की जयमाला

सुमय्या परकार कॉलेजात खेळायची तेव्हा मुलींच्या बास्केटबॉलमध्ये ड्राफ्ट, म्हणजे संघांनी पाळीपाळीनं खेळाडू निवडणं, वगैरे काही नव्हतं. कॉलेज संपलं की खेळ संपला. फार तर खेळाडूंच्या कोट्यातून रेल्वेत नोकरी लागायची आणि रेल्वेच्या संघातून आणखी काही वर्षं खेळता यायचं. त्याच निवडचाचणीच्या तयारीत असताना सुमय्याचा डावा गुडघा गेला. ऑपरेशन झालं, चालणं-पळणं सुरू झालं, पण डावीकडे झटकन वळायचं म्हटलं की गुडघा ऐकेना. यात दोष कुणाचाच नव्हता. त्यामुळे रागावायला कुणी सापडलं नाही आणि ते सगळं मनात तसंच राहून गेलं. पुढे तिला वाशीच्या एका शाळेत खेळाच्या शिक्षिकेची नोकरी लागली. आता ती एक्केचाळीस वर्षांची होती आणि सानपाड्याच्या फ्लॅटमध्ये अम्मीबरोबर राहत होती.

यंदा मुलींची व्यावसायिक लीग सुरू होणार होती. नवी मुंबईच्या संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले चंद्रशेखर सर, म्हणजे सुमय्याचे कॉलेजातले कोच. त्यांनी तिला बेलापूरच्या हॉलवर बोलावून घेतलं आणि प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायच्या आधीच मुद्द्याला हात घातला.

"सुमी, ड्राफ्टमध्ये आपली पाळी तिसरी. पहिले दोन संघ उंच पोरी उचलणार, ते नक्की झालंय. म्हणजे पॉइंट गार्ड दोन उरतात, दोन्ही चांगल्या, दोन्ही आपल्या इथल्याच. घ्यायची एक. आपली पाळी परत येईल तोवर दुसरी गेलेली असणार. दोघींना नीट बघ आणि मला एक नाव सांग."

"मीच का, सर?"

"मी पॉइंट गार्ड खेळलो नाही कधी. तू खेळलीयस."

पॉइंट गार्ड म्हणजे चेंडू पुढे नेणारी, खेळ चालवणारी. बाकीच्या चौघींपैकी कुणाला, कुठे आणि केव्हा चेंडू मिळणार, हे तिच्या हातात. सुमय्या 'हो' म्हणाली. घरी परतताना रिक्षात तिच्या लक्षात आलं की ती मघापासून गालातल्या गालात हसतेय.

सरांनी पाठवलेले व्हिडिओ ती शाळेतून आल्यावर टीव्हीवर लावून बघू लागली. पहिली मुलगी अबोली साठे, नेरूळची. उंच, शांत, बाहेरून नेम चांगला. तिच्या हातून चेंडू क्वचितच जायचा. तिचा खेळ बघताना पुढे काय होणार याचा अंदाज यायचा आणि तसंच व्हायचं. दुसरी जयमाला पाटील, बोनकोड्याच्या जुन्या गावातली. उंचीनं कमी, पण पाय असे की समोरची मुलगी वळेपर्यंत ही पार. ती बघायची एकीकडे आणि चेंडू जायचा भलतीकडे. तो जिथे पोचायचा तिथे जागा आहे हे टीव्हीसमोर बसून बघणाऱ्यालाही नंतर कळायचं.

अम्मी, म्हणजे रशिदाबी, बाजूला पेपर पसरून कोळंबी सोलत होत्या. तरुणपणी सुमय्याच्या अब्बांबरोबर स्कूटरवर बसून त्यांनी लेकीच्या कितीतरी मॅच पाहिल्या होत्या.

"ही बुटकी कोण गं?" त्यांनी मान वर करून विचारलं.

"जयमाला. का?"

"काय नाय. तुझ्यासारखी धावते. खांदे पाडून."

 सुमय्यानं रिमोट उचलला आणि तो पास पुन्हा लावला. मग आणखी एकदा. अबोलीचे व्हिडिओ तिनं नेमानं बघून संपवले होते. जयमालाचे मात्र संपल्यावरही बघत बसावंसे वाटत. त्या बघण्यात कौतुक होतं, पण त्याखाली दुसरं काहीतरी होतं आणि ते छातीत दुखायचं. आपण असंच खेळायचो. आपल्यालाही अशी जागा दिसायची. ती दिसणं अजून गेलेलं नाही. शाळेच्या मैदानावर पोरी खेळत असल्या की अजूनही दिसते. फक्त तिथे चेंडू पोचवायला आता आपण नसतो.

ड्राफ्टच्या आधीच्या रविवारी सरांनी बेलापूरच्या हॉलवर सरावाची मॅच ठेवली. दोन्ही मुली येणार होत्या. बाकीच्या मुली आसपासच्या कॉलेजांतल्या. सुमय्या कडेच्या बाकावर बसली होती, पण एका मुलीनं ऐनवेळी पोट बिघडल्याचं कळवलं. सरांनी सुमय्याकडे पाहिलं.

"बूट घातलेस ना? मग ये आत. एक कमी पडतेय."

"सर, वीस वर्षं झाली."

"कोपऱ्यात उभी राहा. चेंडू आला तर टाक, नाही आला तर नाही."

पहिला अर्धा वेळ ती जयमालाच्या बाजूनं खेळली. खेळ सुरू झाला मात्र, सुमय्याला वाटलं आपण व्हिडिओच्या आत येऊन पडलोय. जयमालानं दोघींना चुकवलं, उजवीकडे पाहिलं आणि चेंडू डावीकडे सोडला, सुमय्याच्या पुढ्यातल्या मोकळ्या जागेत. जागा अगदी बरोबर होती. सुमय्याला ती आधीच दिसली होती. ती वळायला गेली, गुडघा अडला आणि चेंडू बोटांना चाटून रेषेबाहेर गेला.

"चालतंय म्याडम, पुडचा घेवा!" जयमाला ओरडली आणि पळालीसुद्धा.

पुढचाही तसाच आला. त्याच्या पुढचाही. एक पास मात्र सुमय्याला मिळाला आणि तिनं तो बास्केटमध्ये टाकला. जाळीचा आवाज ऐकून तिच्या अंगावर काटा आला. त्या एका चेंडूसाठी आपण या पोरीला संघात घेऊन लीगभर खेळवू, असं तिच्या मनात येऊन गेलं.

मधल्या सुट्टीनंतर सरांनी बाजू बदलायला लावल्या. आता चेंडू अबोलीकडे होता. पहिल्यांदा तिनं सुमय्याकडे चेंडू दिला तो डावीकडे मोकळ्या जागेत, जयमालानं दिला होता तसाच. सुमय्याला तो पकडता आला नाही.  खेळ दुसऱ्या टोकाला जाताना अबोलीनं एकदा सुमय्याच्या पायांकडे पाहिलं.

त्यानंतर चेंडू कधी डावीकडे आला नाही. तो उजवीकडे यायचा, छातीच्या उंचीवर, दोन्ही हातांत. सुमय्याला वळावंच लागायचं नाही, फक्त हात वर करायचे. दोन बास्केट पडल्या, मग तिसरी. धाप लागली होती, केस कपाळाला चिकटले होते, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिला वाटलं की गुडघा आपल्याबरोबर नाहीच. तो होताच. फक्त त्याची काळजी दुसरं कुणीतरी घेत होतं.

खेळ थांबल्यावर ती पाणी प्यायला गेली तेव्हा अबोली शेजारी येऊन उभी राहिली.

"मॅम, डावा गुडघा ना?"

"कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. पहिला पास माझा चुकला, तेव्हा बघितलं."

"तो चुकला नव्हता. जागा बरोबर होती."

"पण तुम्ही पोचणार नव्हता ना," अबोली साधेपणानं म्हणाली आणि बाटली भरून निघून गेली.

सुमय्या नळाशी तशीच उभी राहिली. वीस वर्षांपूर्वी आपल्या संघात होत्या त्या मुलींचे चेहरे तिला आठवू लागले. आपण दिलेले पास त्यांच्या हातून सुटायचे. तेव्हा आपण मान हलवायचो, म्हणजे काय तर, ह्यांना दिसतच नाही. त्यांना काही दुखतंय का, हे बघायचं सुचलंच नव्हतं.

सर चटया गुंडाळायला लावत होते. तिला बघून म्हणाले, "मला माहितीय तू काय सांगणार. जयमाला. तुझीच कार्बन कॉपी आहे पोरगी."

सुमय्याच्या जिभेवर तेच नाव होतं. ते घ्यावं असं तिला इतकं वाटत होतं की तिनं आधी बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली.

"अबोली," ती म्हणाली.

"नक्की?"

"नक्की, सर. जयमालाला जागा दिसते. अबोलीला माणसं दिसतात."

सरांनी खिशातला कागद काढून ते नाव लिहून घेतलं.

ड्राफ्ट पुण्याच्या एका हॉटेलात झाला. अम्मी आणि सुमय्यानं तो घरी टीव्हीवर पाहिला. पहिल्या दोन संघांनी उंच मुली घेतल्या. तिसरं नाव अबोली साठे. ती उठली, आईच्या पाया पडली, संघाची टोपी घालून फोटोला उभी राहिली. कॅमेरा फिरला तेव्हा मागच्या रांगेत जयमाला दिसली. केस चापूनचोपून बांधलेले, बाजूला तिचे वडील, घडीसुद्धा न मोडलेल्या नवीन शर्टात. चौथं नाव झालं, पाचवं झालं, पहिली फेरी संपली. सर म्हणाले होते, राहिलेली पॉइंट गार्ड लगेच जाईल. ती गेली नाही. दुसऱ्या फेरीत नवी मुंबईची पाळी आली तेव्हा, गार्ड मिळालेली असल्यानं, सरांनी उंच मुलगी घेतली. दर नावाला जयमाला टाळ्या वाजवत होती. सुमय्याच्यानं ते बघवेना. ती उठून पाणी प्यायला गेली, परत आली, पुन्हा उठली.

दुसऱ्या फेरीच्या शेवटी कोचीच्या संघानं तिचं नाव घेतलं.

"घेतलं बाई एकदाचं," अम्मी म्हणाल्या. मग थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "सुमी, तुझ्या वेळेला हे असतं, तर तुझा कितवा नंबर लागला असता गं?"

सुमय्यानं खरोखर विचार केला. दोन मुलींना एवढे दिवस तोललं होतं, आता तिसरीला तोलायला हरकत नव्हती.

"दुसऱ्या फेरीत, अम्मी. शेवटी-शेवटी."

"गेली असतीस?"

"कुठंही गेले असते."

अम्मींनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या वेळेला जयमालाचा फोन आला. आवाजात राग नव्हता, त्यामुळे सुमय्याला जास्तच जड गेलं.

"म्याडम, सर बोलले तुमी अबोलीचा नाव सांगितला. मी भांडायला नाय फोन केला. पन मी कुटं कमी परली ते मना सांगा."

सुमय्यानं काही लपवलं नाही. गुडघ्याचं सांगितलं, डावीकडच्या पासचं सांगितलं. 

"तुमच्या गुडघ्याचा मना कोनी बोललाच नाय," जयमाला म्हणाली.

"अबोलीलाही कुणी बोललं नव्हतं."

जयमालानं विचारलं, "कोचीला जायला महिना हाय. माझ्यासंगं खेलाल?"

तो महिनाभर सुमय्या शाळेच्या आधी बोनकोड्याला जात राहिली. देवळामागच्या कोर्टावर दोघीच असायच्या. सुरुवातीला चेंडू डावीकडेच यायचा. जयमाला जीभ चावायची, "सॉरी सॉरी" म्हणायची आणि परत तसाच द्यायची. हळूहळू ती थांबायला शिकली. क्षणभरच थांबायची, पण तेवढ्यात समोरच्याकडे बघायची. एकदा सुमय्या मुद्दाम उजवा पाय ओढत धावली, तर चेंडू लगेच संथ आला. "नाटक नका करू म्याडम," जयमाला हसून म्हणाली. जाण्याच्या आदल्या सकाळी तिच्या आईनं सुमय्याला घरी नेलं, तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी खाऊ घातली. "दूर चालली पोर," एवढंच म्हणाली.

लीग सुरू झाली. सरांनी सुमय्याला संध्याकाळी गार्डना शिकवायला ठेवून घेतलं होतं, म्हणून मॅचला ती संघाच्या बाकावर असायची. अबोली पहिल्या मॅचपासून खेळत होती आणि तिच्याबरोबर खेळणाऱ्या साध्यासुध्या मुलीही एकदम चांगल्या दिसू लागल्या होत्या. सरांनी एकदा जाता जाता म्हटलं, "बरोबर बोललीस तू." सुमय्यानं मान हलवली. बरोबर असण्याचा आनंद तिला वाटला होता तेवढा झाला नव्हता.

कोचीचा संघ बेलापूरला खेळायला आला त्या संध्याकाळी अर्धं बोनकोडे प्रेक्षकांत होतं. जयमाला पहिला अर्धा वेळ बाकावरच बसून होती. तिसऱ्या भागात तिला आत पाठवलं आणि समोर अबोली उभी राहिली. दोघी एकमेकींकडे बघून हसल्या, आणि मग हसणं संपलं.

जयमालानं अबोलीला खांद्यानं चुकवलं. पलीकडे कोचीची उंच मुलगी धावत होती, दमलेली, मान खाली. जयमालाच्या हातात चेंडू क्षणभर थांबला. मग तिनं तो सोडला, जमिनीवर एक टप्पा देऊन, हळू, त्या मुलीच्या हाताशी. बास्केट झाली. समोरच्या संघाची होती तरी सुमय्या उठून उभी राहिली. सरांनी तिचा कुर्ता ओढून तिला खाली बसवलं.

"आपण कुणाकडून आहोत?" ते पुटपुटले.

ती हसली आणि बसली. अबोली चेंडू घेऊन वर येत होती, जयमाला मागे सरकत हात पसरून तिला अडवत होती. सुमय्याला कोर्टाच्या उजव्या कोपऱ्यात मोकळी जागा दिसली. अजून कुणालाच दिसलेली नव्हती. चेंडू घ्यायला तिचे तळवे उघडले आणि गुडघ्यांवर तसेच राहिले. दोन्ही पोरी चांगल्या निघाल्या होत्या, त्याचा तिला खरोखर आनंद होता. तरीही तिला आत जायचं होतं.