शेपूची चव कळणारा

आखाती युद्ध सुरू होताच वहाबने विषारी वायूच्या धास्तीने सौदीतल्या अबहा शहरातल्या घराच्या खिडक्या चिकटपट्टीने बंद केल्या. त्याची बायको ताजुन्निसा हिने शेपू लावलेला डबा आत घेतला. वहाब त्यावरची अळी चिरडणार, तोच ती कडाडली, "खबरदार! या घरात शेपूची चव तिलाच कळते."

शेजारचे डॉक्टर गोपीनाथ दर शुक्रवारी एका दुर्मिळ शेपटीवाल्या फुलपाखरासाठी उंच डोंगर पालथे घालत. तीन वर्षं हात हलवत परतले होते.

युद्ध थांबलं त्या सकाळी शेपूवर अळीने केलेला कोश फुटला आणि शेपटीवालं फुलपाखरू बाहेर आलं.

"हेच ते!" डॉक्टर बरणी घेऊन धावले. ताजुन्निसाने चिकटपट्टी टराटरा फाडून खिडकी सताड उघडली. पिवळेधमक पंख थेट डोंगराकडे झेपावले.

पुढच्या शुक्रवारी डॉक्टर तिच्या दारात शेपूचं बी मागत उभे होते.