बादली न नेता

एव्हारिस्तोनं तिसऱ्यांदा तेच पान उघडलं आणि लाल पेन्सिल पुस्तकावर आपटली.

"ही कादंबरी आहे की थट्टा?"

ओदेत पायरीवर बसून वाटाणे सोलत होती. एव्हारिस्तोनं पोर्तुगालच्या आलेंतेजू प्रांतातल्या या गावात एकतीस वर्षं शाळा चालवली होती. गुरुवारी वाचनालयात त्याला याच पुस्तकावर बोलायचं होतं. कथा सांगणारी होती शाळेचं तोंड न पाहिलेली एक धनगरीण, आणि तिचं बोलणं काही केल्या त्याच्या हाती लागत नव्हतं. सकाळपासून तो मोठ्यानं वाचत होता.

"तुम्ही सुधारून वाचताय," ओदेत म्हणाली.

"मग काय, चुका वाचू?"

"आहे तसं वाचा."

बायकोच्या तोंडून असं ऐकायची त्याला सवय नव्हती. दुसरीतून शाळा सुटलेली ती. पाहुण्यांसमोरही तो तिचे शब्द सुधारायचा आणि ती गप्प व्हायची. त्यानं घसा खाकरला.

"'पान्याला गेले. बादली नेली न्हाई. इहिरीनं इचारलं, येती का. मी म्हनलं आज न्हाई, वासरू बांधलंय.'" त्यानं चष्मा काढला. "आता सांग! बादलीशिवाय पाण्याला कोण जातं? आणि विहीर कधीपासून बोलायला लागली?"

ओदेतचे हात थांबले होते.

"ती पाण्याला गेलीच नव्हती."

"अगं, इथं स्पष्ट लिहिलंय..."

"जीव द्यायला गेली होती. वासरू दाव्याला होतं, तिच्यामागं त्याला कुणी सोडलं नसतं. म्हणून परत आली."

त्यानं ओळी पुन्हा वाचल्या, ओठ न हलवता. सगळं जुळत होतं. त्याला रागच आला.

"हे तुला कसं कळलं?"

तिनं टोपली बाजूला ठेवली.

"तुम्ही परीक्षेसाठी लिस्बनला होतात ना, त्या हिवाळ्यात."

"त्याचा इथं काय संबंध? आणि आपल्याकडे वासरू कुठं होतं?"

"इनेश होती," ओदेत म्हणाली. "पाळण्यात."

गल्लीतून कुणाची तरी मोटारसायकल गेली. त्यांची लेक इनेश आता बेचाळीस वर्षांची होती. एव्हारिस्तोचा हात टेबलावरून उचलला गेला, आणि कुठं ठेवावा हे न कळून पुन्हा पुस्तकावर आला.

"ओदेत..."

"पुढं वाचा," ती म्हणाली. "तिचं काय झालं, मला ऐकायचंय."

त्यानं पान उलटलं. ओळ समोर दिसत होती, तरी त्यानं तिच्याखाली बोट ठेवलं. ओदेत त्याच्याकडे बघत थांबून राहिली.