बाईंचं आभाराचं भाषण

या चित्रपट पुरस्कारांचा इतिहास मोठा गमतीचा आहे. पहिल्या वर्षी बक्षिसाच्या धातूच्या बाहुल्या ओतणाऱ्या कामगारांचा संप होता, म्हणून लाकडी बाहुल्या सोनेरी रंगवून वाटल्या आणि विजेत्यांचे हात सोनेरी झाले. पुढे थाट वाढला. संकलनाला बक्षीस आलं, वेशभूषेला आलं, एवढंच काय, केसांच्या टोपालाही आलं. नायिकेच्या तोंडी जिचा आवाज असतो, तिला मात्र आजतागायत कुणी विचारलेलं नाही. टोपाला मान आहे, गळ्याला नाही. असला हा न्याय!

तो गळा मावशीचा होता; स्टुडिओत सगळे तिला मावशीच म्हणत. एके काळच्या सगळ्यात मोठ्या नायिकेचा, म्हणजे बाईंचा, प्रत्येक संवाद मावशीनं अंधाऱ्या खोलीत पडद्याकडे बघत बोललेला. बाईंना पुरस्कार मिळाला त्या समारंभाचं तिला साधं आमंत्रणही नव्हतं. दुसऱ्या दिवशी बाईंनी तिला मिठी मारली. "मैने, स्टेजवरून तुझं नाव घेतलं गं मी!" मैना हे बाईंनीच ठेवलेलं नाव. त्या एका वाक्यावर मावशीनं आयुष्य काढलं. तिचा धाकटा भाऊ हसायचा, "ताई, तोंडाला पानं पुसली तुझ्या." समारंभाचं चित्रण होतं, पण त्याचा आवाज ओलीनं खराब झालेला. खरंखोटं करायची सोय नव्हती. पुढे बाईही गेल्या.

आता पुरस्कारांच्या इतिहासावर फिल्म निघाली होती आणि त्या मुक्या भाषणाला आवाज हवा होता. मावशीला बोलावणं आलं. येत्या सोमवारी तिचं स्वरयंत्र काढणार होते. एक शब्दही बोलू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तरी ती आली, गाडीत भावाशीही न बोलता, उरलासुरला आवाज जपत. बाईंचे ओठ वाचायचे होते तिला. बाकी कशाचंही तिला पडलेलं नव्हतं.

"मावशी, कागदावर आहे तसं बोला," काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट म्हणाला. "पुरस्कार समितीनं लिहून दिलंय."

"आधी नुसतं दाखव," ती पुटपुटली.

पडद्यावर बाई आल्या, तरुण, भरजरी. मावशीचा जीव टांगणीला लागला. दिग्दर्शकाचं नाव आलं. आईचं आलं. मेकअपवाल्याचं, ड्रायव्हरचं, घरच्या कुत्र्याचंसुद्धा आलं. मैना म्हणायचं तर आधी ओठ मिटावे लागतात, आणि दरवेळी ते मिटले की मावशीच्या काळजात धस्स व्हायचं. दरवेळी निघायचं दुसरंच काहीतरी. मग बाई बाहुली घ्यायला अध्यक्षांकडे वळल्या. कॅमेऱ्याकडे पाठ झाली, खांदे हलले, मान डोलली. काहीतरी बोलल्या होत्या त्या. बस, चित्र संपलं.

"पुन्हा," मावशी म्हणाली. पुन्हा पाठच दिसली. तिसऱ्यांदाही पाठच. तिला त्या पाठीला धरून गदागदा हलवावंसं वाटलं.

"तिथं कागद कोरा आहे," रेकॉर्डिस्ट म्हणाला. "ओठ दिसत नाहीत ना, काहीही बसेल. घाला काहीतरी गोडसं."

मावशीनं कागद समोर धरला. मग माइक सुरू झाला आणि त्या रोगट घशातून बाईंचा आवाज आला, तसाच, लाडिक. दिग्दर्शक झाले, आई झाली, कुत्रा झाला. पाठ फिरली, तशी ती म्हणाली, "आणि मैने, हा आवाज तुझा आहे गं."

रेकॉर्डिस्टनं मान वर केली. "मैना कोण?"

"होती एक."

"मावशी, समिती मला विचारेल. तिथं अध्यक्षांचं नाव घ्या ना. अगदी चपखल बसतंय."

"राहू दे रे बाळा. पाया पडते तुझ्या. सोमवारनंतर मला बोलताच येणार नाही."

त्यानं मान खाली घातली. "माझ्या हातात असतं तर ठेवलं असतं हो. उद्या दुसऱ्या कुणाकडून करून घेतील, आणि मलाही घरी बसवतील."

दुसऱ्या कुणाचा तरी आवाज बाईंच्या तोंडी! ते तिला सोसवेना. पाणी पिऊन तिनं छाती दाबून धरली आणि अध्यक्षांचं नाव घेतलं.

"वा! हुबेहूब बाई!" तो मनापासून खूश झाला.

"मघाचं ऐकव ना एकदा. माझं नाव."

 "ते उडवलं मी, मावशी. चुकून फिल्ममध्ये जायला नको म्हणून." तिच्याकडे बघून तो गडबडला. "थांबा, परत बोला. तुमच्यासाठी वेगळं ठेवतो. बोला तुम्ही."

माइकचा लाल दिवा लागला. मावशीनं ओठ मिटले, उघडले. पुन्हा मिटले, उघडले. काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट आवाज वाढवत गेला, पार शेवटपर्यंत, पण घशातून नुसती हवा येत होती.