शेंगा फोडायचं यंत्र

भुईमुगाच्या शेंगा फोडायचं यंत्र पुन्हा मोडलं, तशी सुकन्या रडकुंडीला आली. नातीचं रडणं गुणाबाईला खपत नसे.

"आज्जी, हे नुसतं प्रोटोटाइप हाय. उद्या लातूरला कॉलेजात हे दाखवायला मी जातच न्हाई."

"काय असतंय ते?"

"खरं यंत्र करायच्या आधी करून बघायचं, ते."

"मग रडतीस कशाला? भूकंपानंतर सरकारी साहेबांनी आधी एकच घर बांधून दाखवलं. मी आत शिरून म्हणले, चूल काय डोक्यावर मांडू? मग पुढच्या घरांना पडवी निघाली. झंपर बी मी आधी जुन्या लुगड्यावर बेतते."

सुकन्याकडून यंत्र परत जोडून घेऊन गुणाबाईनं त्यात ओंजळभर शेंगा ओतल्या. "फिरव दांडा. कुठं मोडतंय ते बघू."

"परत मोडलं तर?"

"मोडू दे की! शेंगा संपल्या म्हणले का मी?"