तारा समोर असताना

योगेंद्रची पहिली मुलगी धरणगावला आजोळी जन्मली तेव्हा, म्हणजे दोन हजार पंचवीसच्या संक्रांतीला, शुक्र मावळतीकडे होता. योगेंद्र माझा एकुलता मुलगा. आम्ही साक्रीचे. धरणगावहून साक्रीला यायचं म्हणजे मावळतीकडे तोंड करून यायचं, आणि आमच्यात कडेवर तान्हं पोर असलेल्या बाईने शुक्र समोर ठेवून प्रवास करायचा नसतो. तो मावळतीला बुडू द्यायचा. आठवड्याभराने पहाटे उगवतीला दिसला की मग त्याला पाठीशी घेऊन निघायचं.

आता हे फारसं कोणी पाळत नाही. माझी बायको कमलबाई पाळायची. तिचं काळीज थकलं होतं, पाय सुजले होते. फार दिवस नाहीत, असं डॉक्टरांनी योगेंद्रला बाजूला घेऊन सांगितलं होतं. तिला नात एकदा मांडीवर घ्यायची होती. दुसरं काही मागणं नव्हतं. आणि नातीला आणू नका, हेही तीच सांगत होती.

"तारा समोर शे. पोरले आनू नका."

आमची सून सुलक्षणा रोज फोनवर पोर दाखवायची. कमलबाई काचेवरच्या गालाला बोट लावायची आणि फोन बंद पडायचा.

"हात लावू नको ना, माय!" योगेंद्र ओरडायचा.

"मंग दखाडस कसाले? तिना वास येस का यामा?"

एकदा त्याने तिला अंगणात खुर्चीवर बसवून समजावलं. "माय, तो तारा काही साक्रीवर बसलेला नाही. धुळ्यातून बघितलं तर साक्रीवर दिसतो, साक्रीतून बघितलं तर पिंपळनेरवर. पिंपळनेरला गेलं तर तिथूनही पुढेच. तो सूर्याभोवती फिरतो, आपणही फिरतो. त्याला आपलं पोर माहीतसुद्धा नाही."

"म्हंजे कितलं बी चाला, तो समोरच?"

"हो."

"मंग मी तेच सांगस ना!"

मला हसू आलं, आणि लगेच रडूही.

तिचं कारण मला ठाऊक होतं. आमची पहिली मुलगी रूपा. कमलबाईचं माहेर नरडाण्याजवळ, तेही साक्रीच्या उगवतीला. रूपा तीन महिन्यांची असताना गव्हाची कापणी अडली, म्हणून माझ्या बापाने गाडी पाठवून दोघींना बोलावून घेतलं. वाटभर तारा बैलांच्या शिंगांमध्ये दिसत होता, असं कमलबाई सांगे. पंधरवड्यात रूपा तापाने गेली. गावात डॉक्टर नव्हता. ताऱ्याने कोणी मरत नाही हे मी जाणतो, तीही जाणत असावी. पण दोन्ही गोष्टी एकामागून एक तिने डोळ्यांनी पाहिल्या होत्या.

महाशिवरात्र झाली. रोज दिवेलागणीला मी ओट्यावरून बघायचो. तारा खाली येत होता, पण फार सावकाश. कमलबाईला आता दोन पावलांत दम लागायचा. मग मला सुचलं.

"पोर येत नाही तर आपण जाऊ," मी म्हणालो. "धरणगाव उगवतीला. तारा आपल्या पाठीशी."

तिने माझ्याकडे टक लावून पाहिलं. "योगेंद्रना बाबा, कधीमधी तुमी कामनं बोलतस!"

डॉक्टर नको म्हणाले. तिने ऐकलं नाही. झबली, टोपडं, चांदीचे वाळे आणि सुनेसाठी डिंकाचे लाडू पिशवीत भरले. गावातल्या लोटनची भाड्याची गाडी सांगितली. कुसुंब्यापर्यंत ती बोलत होती, नात कोणावर गेली असेल ते. धुळ्यात शिरताना तिचा श्वास लागला. ओठ निळे पडले. लोटनने गाडी दिसेल त्या दवाखान्यात नेली.

तिथून पुढे जाता आलं नाही. सुलक्षणा फोनवर रडत होती, "आई, दोन तासांत येते मी." कमलबाई नाकावरची नळी सरकवून म्हणाली, "धरनगाववरतून धुयं बी मावयतीलेच शे."

होळी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी आम्हाला नातेवाईक बोलवायला सांगितलं. मी आत गेलो आणि तिच्या कानाशी वाकलो.

"तारा बुडाला. काल दिसला नाही."

"खरंच?"

"खरंच."

तिने माझा हात धरला. "मंग बलाव."

सहाच्या सुमारास सुलक्षणा पोर घेऊन भावाच्या गाडीने निघाली. कमलबाईने आयाकडून तोंड पुसून घेतलं, कुंकू लावून घेतलं, पदर सारखा करून घेतला. दिवेलागण झाली. शेजारच्या खाटेवरच्या बाईची बहीण बेबाबाई सज्ज्यात कपडे काढायला गेली, तेव्हा कमलबाईने तिला हाक मारली.

"बाई, तारा दिखस का वं?"

मी बेबाबाईला खूण करणार, तोवर तिने आकाशाकडे बघून घेतलं होतं. "दिखस ना, अक्का! खाले शे, पन लख्ख शे."

कमलबाई रागावली नाही. फक्त छातीचा भाता जोरात हलू लागला. "मना जीवसाठे खोटं बोलनात," ती म्हणाली. "पोरना जीववर नका बोलू. फिराव तिले."

"कमल, आता पोचतीलच त्या."

"फिराव!" ती उठू लागली, नळी ओढू लागली. नर्स धावत आली.

मी फोन लावला. सुलक्षणा अमळनेर सोडून पुढे आली होती. "आबा, तासभरच राहिला. येऊ द्या ना." मागे पोर रडत होतं. मी फोन कमलबाईच्या कानाला लावला. ती बराच वेळ ऐकत राहिली.

"भुकी शे ती," ती म्हणाली. "गाडी उभी करा, आधी पाजाडा. मंग परत न्या."

मी सुलक्षणाला म्हणालो, "परत फिर, बेटा."

कमलबाई धुळ्यात वारली, शनिवारी, पंधरा मार्च दोन हजार पंचवीसला, पहाटे.