बंडीखालची जागा

"बंडीखालून निघू नको रे बा. ऊन असो, धूळ असो, दोन चाकांच्या मधातच चालजो."

सूर्यभान गाडीवानाचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे. खरं सांगायचं तर कानात आता तेवढंच उरलं आहे. दूरचं काही ऐकू येत नाही. कुणी जवळ येऊन बोललं तरच कळतं.

मी एक म्हातारा कुत्रा आहे. माझं नाव बोंड्या. पूर्णा नदीच्या काठी, काळ्या मातीच्या गावात, खुशालरावांच्या कापसाच्या गंजीत माझा जन्म झाला. वेचणीच्या बायकांनी मला उचललं तेव्हा कापूस कुठं संपतो आणि पिल्लू कुठं सुरू होतं ते त्यांना कळेना. "पाह्य वं, बोंडच हाये हे," असं कुणीतरी म्हणालं, आणि तेच नाव पडलं.

मित्रांनो, माझं काम म्हणजे बंडीबरोबर जाणं. आमच्याकडं बैलगाडीला बंडी म्हणतात. कापसानं भरलेली बंडी संध्याकाळी निघे आणि सकाळी अमरावतीच्या बाजारात पोचे. वर सूर्यभान, पुढं बैल आणि खाली आसाच्या सावलीत मी. वाटेत कोल्हं दिसलं, चोर दिसला, की भुंकायचं. शेजारच्या मैनाबाई मला पाहिलं की हसायच्या. "बोंड्याले वाटते, बंडी हाच वढते." मला तसं कधीच वाटलं नाही. बैल ओढतात हे मला दिसत होतं. मात्र चढ आला की मीही पाय रोवून चालत असे. बैलांना सोबत नको का?

मग कापसाचे दिवस पालटले. सातासमुद्रापलीकडं कुठंशी लढाई जुंपली, तिकडचा कापूस बंद झाला आणि साहेबाच्या गिरण्या आमच्या वऱ्हाडापुढं हात पसरू लागल्या. सूर्यभान हे सगळं बैलांना सांगे आणि मी खालून ऐके. खुशालरावांनी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढवल्या. स्वतःला जरीचं पागोटं घेतलं. माझ्या गळ्यात घुंगराचा पट्टा आला. पाहुणा आला की खुशालराव माझ्याकडं बोट दाखवून म्हणत, "आमच्या बंडीचं एक बोंडही रस्त्यात गेलं नाई, ते याच्या जिवावर."

पण कापसाला सोन्याचं मोल आलं आणि घरातली झोप उडाली. पहाटेपासून अंगणात चरख्या फिरत. सरकी एका बाजूला, रुई दुसऱ्या बाजूला. घरधनीण रुख्मिणीबाई सगळ्यांच्या आधी उठत आणि सगळ्यांच्या मागून निजत. त्यांच्या पदराला, केसांना, देवघरातल्या समईलासुद्धा कापसाची लव चिकटलेली असे. सगळं घर थकलं होतं. घरात पैसा खुळखुळत होता आणि माणसं जांभया देत होती.

विसावा मिळे तो आदितवारी. त्या दिवशी शेजारगावचा बाजार भरे, चरखीवाल्या बायका तिकडं जात आणि अंगण शांत होई. पौष महिन्यात तर अधिकच शांत, कारण पौषातल्या आदितवारी रुख्मिणीबाई मौन धरत. खुशालराव एकदा पटकीतून मरता मरता वाचले होते. त्या दुखण्यात बाईंनी सूर्यनारायणाला शब्द दिला होता. पहाटे न्हाऊन त्या तुळशीपुढं रांगोळीचा रथ काढत, शेणीच्या विस्तवावर खीर शिजवत, आणि सूर्याचं दर्शन घेऊन नैवेद्य दाखवीपर्यंत बोलत नसत, पाण्याचा घोटही घेत नसत.

माझेही आदितवारचे काही नेम होते. दूध उतू गेलं की मला शिंका येत. पिंजारी धनुकली वाजवत गल्लीतून गेला की मी त्याच्या सुरात सूर मिसळत असे, आणि तो बिचारा पुढच्या गल्लीत पळे. बंडी जागची हलणार नसली तरी मी तिच्याखालीच निजे. बैलानं नुसती मान हलवली तरी उठून चार पावलं चालून येई, न जाणो, निघायचं असेल. आणि बाई जेवल्याशिवाय मी भाकरीला तोंड लावत नसे. लोक म्हणत, कुत्रंही व्रत करतं. मित्रांनो, पुण्याचं मला कळत नाही. बाई जेवल्या की खिरीचं भांडं मला चाटायला मिळे. मी त्याची वाट पाहत असे.

त्या वर्षी मार्गशीर्षात चोरी झाली. कापसाच्या कोठीची मागची भिंत फोडून चोरट्यांनी गाठोडी नेली. मी कोठीच्या दाराशीच निजलो होतो. कान तोवर मंद झाले होते, मला काही ऐकू आलं नाही. सकाळी मला कुणी मारलं नाही, रागावलं नाही. खुशालराव नुसते माझ्याकडं पाहत उभे राहिले. त्यानंतर माझी भाकरी कधी वेळेवर येई, कधी विसरली जाई. गळ्यातला पट्टा तुटला तो कुणी सांधला नाही. राखणीला गडी ठेवला, तर तो माझ्याहून गाढ झोपे. खुशालरावांच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली.

अमरावतीच्या एका व्यापाऱ्यानं त्यांना वाघासारखा दांडगा कुत्रा देऊ केला. एका दारी दोन कुत्री नांदत नाहीत, असं खुशालराव म्हणू लागले. मी ते ऐकत होतो, पण अर्थ लावायचा मला कंटाळा आला होता.

मग पौषातला तो आदितवार आला. सकाळपासून आभाळ भरलेलं. सूर्याचा पत्ता नाही. खीर झाकून ठेवलेली, आणि बाई तुळशीपाशी पूर्वेकडं तोंड करून बसलेल्या. खुशालराव अंगणात आले आणि माझ्या डोक्याशीच उभे राहून सूर्यभानला म्हणाले की आज बोंड्याला खाली चालवू नको, वर कापसावर घे. त्याला अमरावतीच्या बाजारात सोड आणि येताना तो नवा कुत्रा घेऊन ये. तिथं इतक्या बंड्या येतात, कुणीही तुकडा टाकील.

सूर्यभाननं कासरा गुंडाळता गुंडाळता खाली पाहूनच विचारलं, "मालक, तिथं चाक आलं त याले समजन कसं? आयकू कुठी येते त्याले?"

"इथंही आयकू येत नाई, तेच त दुखनं हाये," खुशालराव म्हणाले. मग ते बाईंकडं वळले. "तुह्यं काय म्हननं हाये? आज आयतवार. नाई म्हनता येत नाई तुले. मंग मी हो समजतो."

ते हसले, पण त्या हसण्यात जीव नव्हता. मी पडलो होतो त्या कुंपणावरून वाकून मैनाबाई म्हणाल्या, "बाईचं तोंड बंद पाहूनच पुसलं वाटते भाऊजीनं."

रुख्मिणीबाईंनी आभाळाकडं पाहिलं. हात जोडले. खुशालराव तोवर आत गेले होते.

दुपार सरली. ढग हलले नाहीत. मैनाबाई अंगणात येऊन बाईंच्या कानाशी लागल्या. एक शब्द बोल, देवाला मुक्या जनावराचं समजतं, तो काही रागवायचा नाही. बाईंचे ओठ उघडले. मी जवळच होतो, मला दिसलं. मग ते मिटले. ते मौन नवऱ्याच्या जिवासाठी होतं. माझ्यासाठी ते मोडलं, आणि उद्या खुशालरावांना ताप जरी भरला, तर त्या बाईला जन्मभर झोप लागली नसती.

ऊन नसल्यानं संध्याकाळ लवकर झाल्यासारखी वाटली. बैल जुंपले. सूर्यभाननं मला उचललं, कापसावर ठेवलं आणि पाठीवरून हात फिरवला. मित्रांनो, सगळा जन्म मी त्या कापसाच्या खाली चाललो होतो, वर कधी बसलो नव्हतो. पाय आत रुतले. फार मऊ होतं आणि मला फार भीती वाटली.

तेव्हा रुख्मिणीबाई उठल्या. पदर खोचला, वाकल्या, आणि बंडीखाली शिरून दोन चाकांच्या मध्ये मांडी घालून बसल्या. माझ्या जागेवर.

सूर्यभाननं बैलांची वेसण घट्ट धरली. बाजारातून परतणारी माणसं थबकली. खुशालराव धावत आले. "अवं, निंघ तिथून. बैल बुजले त चाक अंगावरून जाईन. लोक पाहून राहिले."

मी कापसाच्या कडेवरून मान खाली घालून पाहिलं. बाई हलल्या नाहीत. आसाचं काळं वंगण त्यांच्या खांद्यावर ठिबकत होतं.

 जरीचं पागोटं सावरत खुशालराव मातीत उकिडवे बसले आणि खाली डोकावले. बाईंचे सुकलेले ओठ त्यांना दिसले असावेत. आवाज उतरला. "माह्यासाठीच धरलं ना तू हे वरत? मंग माह्याशीच असं काहून?"

बाईंनी वर बोट केलं, माझ्याकडं. मग दोन्ही हात जोडून खुशालरावांकडं पाहत राहिल्या, जसं सकाळपासून आभाळाकडं पाहिलं होतं.

 वंगणाचा आणखी एक थेंब बाईंच्या खांद्यावर पडला.

"बरं," खुशालराव म्हणाले. "नाई नेत त्याले. नवा कुत्राही नाई आनत. पन कोठीची राखन?" त्यांनी कोठीकडं पाहिलं. "याचे कान गेले त मी जागीन. हा जिता हाये तोवर कोठीपाशी मीच राहीन. झालं?"

आणि साऱ्या गावासमोर त्यांनी बायकोला हात दिला. मैनाबाई म्हणाल्या की भाऊजी, आता हे देवाला कबूल केल्यासारखंच झालं. मला खाली उतरवता उतरवता सूर्यभान कानाशी म्हणाला, "हौ, बैलायनंही आयकलं."

बंडी माझ्याशिवाय गेली. चाकांच्या धुळीमागं चार पावलं मी गेलो, मग पाय थांबले. सूर्य त्या दिवशी दिसलाच नाही. खीर झाकलेलीच राहिली. बाई जेवल्या नाहीत, मीही भाकरीला तोंड लावलं नाही. या वेळी खिरीसाठी नव्हे.

मित्रांनो, तुमच्याही घरी कुणी म्हातारं झालेलं असेल. गाय असेल, बैल असेल, माणूसही असेल. त्याचे कान गेले, दात गेले, तर त्यानं पूर्वी काय केलं ते आठवा. आणि आठवत नसेल, तरी त्याची भाकरी वेळेवर द्या. ज्याला मागता येत नाही, त्याचं आपणहून पाहावं, एवढंच मला सांगायचं होतं.

दिवेलागण झाली. मी कोठीच्या दाराशी येऊन पडलो. मला वाटलं, खुशालराव आता गड्याला हाक मारतील. थकलेला माणूस चार लोकांत बोलतो आणि घरात शिरला की विसरतो. मी एक डोळा किलकिला ठेवून पाहत होतो. त्यांनी पागोटं खुंटीला अडकवलं, दोरीवरचं घोंगडं खांद्यावर टाकलं, कोपऱ्यातली काठी घेतली. ओसरीवरच्या अंथरुणाकडं एकदा पाहिलं. मग कुणाला काही न सांगता पायरी उतरले आणि अंगणातून कोठीकडं चालू लागले. जोडे त्यांनी काढून हातात घेतले होते, माझी झोप मोडू नये म्हणून. मला ऐकू येत नाही, हे ते विसरले होते.