प्लास्टिकची पानं

आपलं शिवणाचं दुकान उघडायला निघालेल्या वहिनी अंगणात आल्या आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कोपऱ्यातला पानांचा ढीग जागेवर नव्हता. अंगणातलं एकुलतं एक झाड फरशी बसवल्यापासून वाळत चाललं होतं. त्याचीच गळलेली पानं दोन वर्षं साठवून, भिजवून, खालीवर करून वहिनींनी खत केलं होतं. येत्या रविवारी ते मुळांशी पडायचं होतं. ते आता काळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांत कोंबून फाटकाशी रचलं होतं, आणि कचऱ्याची गाडी यायच्या बेतात होती.

हा प्रताप कुणाचा, हे विचारायलाच नको. धाकटे दीर इमारतीचे सेक्रेटरी. जिन्याजिन्यात कागद चिकटवून लोकांना दिवे बंद करायला शिकवणारे, आणि स्वतः कोपऱ्यावरच्या दुकानातही गाडीने जाणारे. ‘हिरवी पानगळ’ नावाच्या स्पर्धेचे परीक्षक आज येणार होते. त्यांच्यासाठी दीर शिडीवर चढून झाडाला नारिंगी पानांच्या माळा बांधत होते. वहिनींनी एक पान चिमटीत धरून पाहिलं. प्लास्टिकचं.

“भाऊजी, झाडाची पानं कचऱ्यात घालून ही काय थेरं?”

“खाली पसारा दिसतो, वहिनी. शोभेला काहीतरी हवं ना.”

झाड मरतंय हे वहिनींनी परोपरीने सांगितलं. भाऊजींनी ते बक्षीस मिळाल्यावर बघू म्हणत पुढची गाठ मारली. वहिनींना रडू यायचं बाकी होतं. वर खिडकीत नवरा उभा होता. धाकट्या भावापुढे मूग गिळून बसण्यात त्याचा जन्म गेला होता, त्यामुळे त्याच्याकडून आशा नव्हती. गाडीचा भोंगा वाजला तशा वहिनी सरळ जाऊन त्या पिशव्यांवर बसल्या.

तेवढ्यात नवरा खाली आला. त्याच्या हातात वहिनींची कापड बेतायची कात्री होती, जिला घरात कुणी बोट लावलं तर महाभारत व्हायचं. ती त्याने त्यांच्या हाती दिली आणि भावाकडे वळला.

“तू खाली उतर. आणि शिडी धर.”

दीर उतरले आणि त्यांनी शिडी धरली. वहिनींनी पहिली पिशवी उभी फाडली. काळं, भुसभुशीत खत त्यांच्या चपलांवर सांडलं. फाटकातून ड्रायव्हरने विचारलं, काय काय न्यायचं आहे.

“जरा थांबा,” वहिनी म्हणाल्या. “कचरा अजून झाडावर आहे.”